बूच हरवलेला थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझे आयुष्य सांगण्यासारखे आहे की नाही, याची मला खात्री नाही. माझ्या हातून एकच बरे काम झाले, आणि तेही माझ्यातल्या उणिवेमुळे. तरी ऐकून घ्या.

माझ्या पोटात आरशासारखी काच आहे. अंगावर लाल पत्रा आणि त्यावर दोन पिवळी फुले. तोंडाला घट्ट बूच होते. चहा गरम ठेवणे, एवढेच मला येत होते. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात नेमसिंग राठोडने मला घेतले आणि आपल्या जीपमध्ये, सीटखाली ठेवले.

ती कापसाची वाईट वर्षे होती. बोंडअळीने पराटी, म्हणजे कपाशीची झाडे, पोखरली. उरलेल्या कापसाला भाव नव्हता. नेमसिंगने शेत भावावर सोपवले आणि तो जीप चालवू लागला. पहाटे चारला उठून तो तांड्यातल्या बाया दूरच्या शेतांवर वेचणीला नेई. मग दारव्ह्याच्या फेऱ्या. दुपारी तीनला पुन्हा बायांना आणायला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हजर. वेचलेला कापूस काट्यावर तोलून व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागत. तेवढ्यात तो स्टेअरिंगवर डोके टेकून झोपे. काटा झाला की त्या बायांतली धनीबाई बोनेटवर थाप मारी. मग तो उठून माझ्यातला वाफाळता चहा पिई आणि लगेच गाडी काढी. हा माणूस माझ्या चहावर चालतो, असा मला थोडा गर्वही होता.

एके दिवशी असाच चहा पिऊन तो निघाला, आणि पाच-सात मिनिटांतच त्याच्या पापण्या मिटल्या. जीप रस्ता सोडून कुणाच्या तरी पराटीत घुसली. नऊ बाया एकमेकींवर पडल्या. कुणाला लागले नाही. पण समोर दहा पावलांवर उघडी विहीर होती.

"काहून रे नेमसिंग," एक जण म्हणाली, "सकाळपासून पराटीतच होतो ना आम्ही? परत कायले आनलं?"

सगळ्या हसल्या. धनीबाई मात्र विहिरीकडे बघत होती. ती सगळ्यांत वडील.

"जरासा डोळा लागला, काकी. चहा तं घेतलता मी."

"आग लागो तुह्या चहाले! आनखी एक डाव असं झालं, तं तांड्यातली एकबी बाई तुह्या गाडीत बसनार नाही. पायी जाऊ."

नेमसिंगने जीप मागे घेऊन रस्त्यावर आणली. त्याचे घर आता या जीपवरच चालत होते.

त्या दणक्यात माझे बूच उडाले, ते सापडलेच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या तोंडात फडके कोंबले. फडक्याने काय होणार? तीन वाजेपर्यंत चहा कोमट झाला. "उठेपर्यंत पानी होईन याचं," म्हणत त्याने तो आधीच पिऊन टाकला आणि मग झोपला. मी शरमलो. पण थाप पडली तसा तो ताजातवाना उठला. घरापर्यंत एक जांभई नाही. पुढचे पाच-सहा दिवसही तसेच गेले. असे का झाले, ते त्याला कळले नाही, आणि मलाही नाही.

बाजाराच्या दिवशी त्याने नवे बूच आणले. मी सुखावलो. चहा पुन्हा गरम राहू लागला आणि नेमसिंग पुन्हा आधी झोपू लागला, मग चहा पिऊ लागला. तिसऱ्याच दिवशी त्याच्या डोळ्यांवर झापड आली आणि जीप तांड्याचा फाटा सोडून सरळ पुढे निघाली. धनीबाईने ओरडून थांबवली आणि ती खाली उतरायला लागली.

त्या दिवशी उपकेंद्रातल्या सत्यशीला सिस्टर गाडीत होत्या. "थांबा काकी," त्या म्हणाल्या. "भाऊ, चहा कवा घेतला?"

"आत्ताच, निंघताना."

"मांगच्या हप्त्यात तं चांगला चालवत होता," धनीबाई कुरकुरली.

"तवा बूच नव्हतं, काकी. झोपायच्या आधीच पेत होतो."

सिस्टर हसल्या. "मंग बरोबर. चहा पेल्याबरोबर काम करत नाही, वीसेक मिनिटं लागतेत. आधी प्या, मंग निजा. तुम्ही उठता तवा तो कामाले लागते. पन रातची झोप यानं भरून निंघत नाही, भाऊ. तेबी पाहा."

धनीबाईने पायरीवरचा पाय मागे घेतला. सीटखालून मला ओढून तिने माझे नवे बूच उपसले आणि ओढणीच्या गाठीत बांधले.

"हे माह्यापाशी राहीन. चहा गरम राह्यला, का तू पयले झोपशीन."

नेमसिंगने दारव्ह्याची संध्याकाळची फेरी सोडली आणि तो लवकर झोपू लागला. पुढची सात वर्षे मी बुचाशिवाय, कोमट चहा घेऊन हिंडलो. माझ्यावर पोचे पडले, फुले पुसली गेली. पण जीप पुन्हा कधी रस्ता सोडून गेली नाही.

जीप मोडीत निघाली त्या दिवशी धनीबाई नेमसिंगच्या घरी आली. तिने गाठ सोडून बूच फळीवर माझ्याशेजारी ठेवले.

"घे रे बाबा. पोहचवलं तू आमाले."

मग कुणीतरी ते माझ्या तोंडात घट्ट बसवले. आता मी फळीवर असतो, रिकामा.

मित्रांनो, तुमच्या घरी दुपारी कुणी थकून येत असेल आणि त्याला पुन्हा गाडीवर जायचे असेल, तर त्याला आधी चहा द्या. मग वीस मिनिटे जवळ गोंगाट करू नका. नंतर मात्र आठवणीने उठवा. आणि फळीवर एखादा जुना थर्मास असेल, तर त्याचे बूच काढून शेजारी ठेवा. बंद पोटात कुबट वास साठतो. शिवाय मला आता उघड्या तोंडाचीच सवय झाली आहे.