दगडूचा टँकर

विनीतच्या कंपनीने वाळवंटातल्या लढाईचा गेम काढला, त्यात शत्रूला देश नव्हता. गिऱ्हाईक सगळ्याच देशांत असतं, असं भावेशसरांचं म्हणणं. भावेशसर म्हणजे ठाण्यातल्या त्या कंपनीचे मालक. गेम बुद्धिबळासारखा चालायचा. आपण आपली माणसं आणि रणगाडे हलवायचे, ‘टर्न संपला’ हे बटण दाबायचं, की मग शत्रू हलणार. फक्त ह्या बुद्धिबळातल्या प्याद्यांना तहान लागायची.

तहान विनीतच्या वडिलांनी सुचवलेली. दौलतराव तरुणपणी फौजेत होते, राजस्थानच्या सरहद्दीवर लढले होते. आता ठाकुर्लीच्या घरात बसून ते टीव्हीवरच्या युद्धतज्ज्ञांशी भांडत. “गोळी नंतर लागते रे,” ते मुलाला म्हणाले. “आधी पाणी संपतं.” म्हणून गेममध्ये पाण्याचा टँकर आला, आणि टँकरवर ड्रायव्हर म्हणून दगडू आला.

दगडू हा दौलतरावांचा खरा मित्र. पलटणीला पाण्याची एक खेप पोचवून तो दुसऱ्या खेपेला निघाला आणि परतलाच नाही. त्याच्या नावाने चौक झाला नाही, शाळा झाली नाही. त्याची बायको भीमाबाई कोपरला राहते. तिला सरकारी कागदावर ‘कर्तव्य बजावताना’ एवढंच मिळालं होतं, आणि दौलतरावांनी त्यात कधी भर घातली नव्हती. पण गेममध्ये नाव आलंय हे त्यांनी आनंदाच्या भरात फोन करून सांगितलं.

“मला बघायचंय हो भाऊजी,” भीमाबाई म्हणाल्या. “येते रविवारची.”

तोवर गेम बाजारात आला आणि खेळणारे आपली मतं लिहू लागले. वाळू फार पिवळी आहे, असं एकाचं मत. जैसलमेरच्या एकाने कळवलं की आमच्याकडे एवढं ऊन नसतं. “पाणी कशाला? गेम खेळतोय, पाणीपुरवठा खात्यात लागलो नाही,” असं कल्याणचा कुणी लिहून गेला. त्यानंतर एकाला युक्ती सापडली:

“भावा, दगडूला पहिल्याच टर्नला उजवीकडून सोड. शत्रूची तोफ त्याच्या धुळीवर जाते, आपली टीम डावीकडून सटकते. पाणीच नाही तर पाण्याचं टेन्शन नाही. एकदम कडक.”

दोन दिवसांत सगळे हेच करू लागले. दगडूला सर्वांत लवकर कोण मारतो ह्याच्या शर्यती लागल्या.

विनीतने हे हसत हसत वडिलांना वाचून दाखवलं. दौलतरावांनी टीव्ही बंद केला.

“ह्या पोरांना कुणी सांगितलं?”

“काय?”

“काही नाही. ते नाव काढून टाक. वहिनी येणारेत.”

“बाबा, नाव काढायला सरांना विचारावं लागेल.”

सरांना विचारेपर्यंत दौलतरावांना धीर नव्हता. त्यांनी मुलाच्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करून स्वतःचं मत लिहिलं: “दगडूला उजवीकडून पाठवू नये ही विनंती. आमच्या साहेबांनी पाठवलं होतं. तोफ त्याच्यावर वळली, आम्ही डावीकडून निघालो. तो तिथेच गेला. माणूस चांगला होता. एकदा तरी त्याला वाचवून पाहावे. आपला, दौलत, माजी सैनिक.”

मताखाली दोन बटणं असतात, ‘उपयोगी’ आणि ‘मजेशीर’. दौलतरावांचं मत सातजणांना उपयोगी वाटलं. मजेशीर वाटलेल्यांचा आकडा शनिवारी हजारावर गेला. खाली कुणी आदराने विचारलंही होतं: “म्हणजे आजोबा, ट्रिक चालते ना?”

भावेशसर खूश झाले. त्यांनी ते मत गेमच्या पानावर सर्वांत वर लावलं. विनीतने नाव काढायचा विषय काढला तेव्हा ते मायेने म्हणाले, “अरे, आता दगडूमुळेच तर खपतोय गेम. त्याला आपण मरू देणार नाही.”

रविवारी भीमाबाई आल्या. सोबत तांदळाच्या बोरांचा डबा. विनीतने गेम लावला, पण बटणापासून हात लांब ठेवला. घरात तसं ठरलंच होतं. टर्न संपवला नाही, तर कुणी हलत नाही आणि कुणी मरत नाही.

पडद्यावर दुपार होती. टँकरशेजारी दगडू उभा होता.

“मिशा नव्हत्या हो यांना,” भीमाबाई म्हणाल्या.

“काकी, सगळ्यांना सारख्याच लावल्यात.”

“असू दे. शोभतात.” त्या बराच वेळ बघत राहिल्या. चहा निवला. “हलत का नाहीत?”

“आपण बटण दाबल्याशिवाय कुणी हलत नाही, वहिनी,” दौलतराव म्हणाले. “असेच उभे राहतात. छान आहे की.”

“टाकीत पाणी आहे?”

“भरलेली आहे,” विनीत म्हणाला.

“आणि ते पलीकडे बसलेत, ते तहानलेले?”

दौलतराव उठून खिडकीशी गेले.

“मग हे असे उभे राहणारे नव्हेत. जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. दाब रे.”

“राहू दे वहिनी.”

“भाऊजी, मी एवढी आले ती फोटो बघायला? फोटो आहे घरी. दाब, विनीत.”

विनीतने वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्याने दगडूला सरळ पाणी घेऊन माणसांकडे पाठवलं, उजवीकडे नाही, आणि बटण दाबलं. दगडू पोचला. माणसं प्यायली. भीमाबाईंनी मान हलवली. टाकी रिकामी झाली. विहिरीकडे जायला वाट एकच होती, उजवीकडची. गेम अचूक व्हावा म्हणून नकाशा दौलतरावांनीच काढून दिला होता.

“आता दुसरी खेप,” भीमाबाई म्हणाल्या. “दाब.”

धूळ उठली. तोफ टँकरवर वळली. माणसं डावीकडून एकेक करून पडद्याबाहेर सुखरूप गेली. मग ढोलताशा वाजायला लागला आणि झेंडा फडकला. विनीतला आवाज बंद करायचं बटण सापडेना.

“हे काय वाजतंय?”

“जिंकलो, काकी.”

“कोण जिंकलं?”

विनीत पुन्हा ते बटण शोधू लागला. दौलतराव खिडकीशी उभे होते, ते वळले.

“आम्ही, वहिनी,” ते म्हणाले.