राखणदार नसलेलं अंग

आपल्याकडे आजारी माणसाला एकांत म्हणून मिळत नाही. ताप आला की शेजारी येतात, दुखणं वाढलं की सोयरे येतात, आणि दवाखान्यातून घरी आणलं की सगळा गाव लोटतो! कोण नारळ आणतो, कोण अंगारा, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो उपदेश. जो जात नाही त्याला वर्षभर ऐकावं लागतं, "एवढी मरणाच्या दारातनं आली, पण तोंड दाखवलं न्हाई!" यात माया आहे, नाही कोण म्हणतं? पण मायेलाही डोळे हवेत, वाचकहो. ते नसले की काय होतं, हे दांडेलीजवळच्या कुंभारवाडा गावात, परशुरामच्या घरात घडलं. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराची गोष्ट.

परशुरामची बायको फुला. हसरी, कामाला वाघ. रोप लावायला उतरली की तिच्या जोडीला दुसरी बाई टिकायची नाही. तिच्या मानेवर गाठ आली. सासू गिरजाबाईनं पाल्याचे लेप लावून पाहिले, पण गाठ काही ऐकेना, उलट काखेतही दुसरी आली. दिवस कलला की ताप चढायचा, झोपेत घामानं चोळी भिजायची, आणि बाई वाळत चालली. शेवटी परशुरामनं तिला हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं गाठीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरच आहे. पण घाबरू नका. औषधानं बरा होणाऱ्यांतला आहे."

मग त्यांनी परशुरामला बसवून नीट सांगितलं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरून आलेला जंतू त्याच्या अंगावरच्या खुणेवरून ओळखायचा आणि मारायचा, हे त्यांचं काम. मानेत, काखेत, जांघेत त्यांच्या चौक्या असतात. फुलाच्या चौकीतल्याच काही पेशी बिघडल्या होत्या. "आता पुरे, वाढू नको" हा शरीराचा निरोप त्या मानेनाशा झाल्या होत्या. त्यांना मारायला औषध होतं. पण ते झपाट्यानं वाढणारी दिसेल ती पेशी मारतं, चांगली कुठली आणि बिघडलेली कुठली हे त्याला कळत नाही. म्हणून केस जातात, तोंड येतं, आणि चांगल्या पांढऱ्या पेशीही मरतात.

"तेवढा काळ हिच्या अंगात लढायला कोणी नसतं," डॉक्टर म्हणाले. "गर्दी नको. खोकला, पडसं, कांजिण्या झालेलं माणूस जवळ नको. आणि ताप आला की त्याच दिवशी इथं आणायचं. घरी वाट बघत बसायचं नाही. कळलं?"

"व्हय सायेब," परशुराम म्हणाला.

कळलं होतं, अगदी नीट कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि आईपुढं, गावापुढं तोंड उघडणं वेगळं!

औषधाच्या पहिल्या दोन खेपा निभावल्या. गाठी बसत चालल्या, फुलाला दोन घास गोड लागायला लागले. तिसऱ्या खेपेहून ती परत आली आणि गिरजाबाईनं हौसेनं सगळीकडे सांगितलं, "सून बरी होतीया, येऊन बघून जा." मग काय, माणसांनी सोपा भरला. फुला भिंतीला टेकून, डोक्याला फडकं गुंडाळून बसलेली. एक म्हातारी तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडत होती, दुसरी अंगारा लावता लावता खोकत होती. एक बाई मात्र नाकाला पदर लावून दारातच उभी होती. "हे लागतं का हो आपल्याला?" तिनं हळूच विचारलं.

बघा! भ्यायचं होतं फुलानं आपल्याला, आणि भीत होतो आपण फुलाला!

आता शेजारच्या बायजाची गोष्ट सांगायला हवी. तिच्या चार वर्षांच्या नातीला, तुळजाला, कांजिण्या आल्या होत्या. आमच्या भागात कांजिण्यांना रोग म्हणत नाहीत, 'आई आली' म्हणतात. देवी पाहुणी म्हणून लेकराच्या अंगावर उतरते. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही, औषध द्यायचं नाही, लेकराला रागवायचं नाही. तेवढे दिवस ते लेकरू नसतं, देवीच असते. गिरजाबाईला वाटलं, देवी शेजारी चालून आली आहे, तर तिचा हात एकदा सुनेच्या डोक्यावरून फिरू दे. औषधानं राहिलेलं देवी पुरं करील. तिनं स्वतः जाऊन बायजाला सांगितलं, आणि त्या भरल्या सोप्यात बायजा नातीला कडेवर घेऊन आली.

तुळजाच्या अंगावरचे बरेच फोड सुकले होते, काही अजून ओले होते. लोक वाट देऊन बाजूला झाले, कुणी हात जोडले. फुलाला लहानपणी कधी कांजिण्या झाल्या नव्हत्या. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"अवो, डॉक्टर काय म्हणालं व्हतं?" ती हळू आवाजात म्हणाली.

परशुरामनं जमिनीकडे पाहिलं. 'आये, नगं' हे दोन शब्द दातांपर्यंत आले आणि परत गेले. सगळा गाव बघतोय, देवीला दारातून परत पाठवलं तर लोक काय म्हणतील! भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती उगीच नाही. आठ जण मागं सरले तरी रानातून शेतात उतरलेल्या गव्याला एकट्यानं हुसकावणारा हा गडी, पण आईपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

तुळजानं आपला चिमुकला हात फुलाच्या डोक्यावर ठेवला. "आई गं, सांभाळ!" बायका एका सुरात म्हणाल्या. त्या लेकराला देवीपण काय ठाऊक! तिला एवढंच माहीत, की ही आपल्याला काजू भाजून देणारी काकी. "काकी, तुजं केस कुटं गेलं?" असं विचारून तिनं फुलाच्या गळ्याला मिठी घातली. फुलानंही तिला पोटाशी धरलं. किती दिवसांनी एक लेकरू जवळ आलं होतं!

दोन आठवडे गेले, आणि एका सकाळी फुलाचं अंग तव्यासारखं तापलं. दुपारपर्यंत कपाळावर, छातीवर पाण्याचे फोड उठले. गिरजाबाई घाबरली नाही. उलट तिचे डोळे भरून आले.

"आई आली! हात ठिवला तिथंच आली!" ती म्हणाली. तिनं दाराला कडुलिंब बांधला. "आता ह्या घरात औषध न्हाई, सुई न्हाई. आई आपली सेवा घील आणि जाईल."

"आये, डॉक्टरनी सांगितलंय..." परशुरामनं सुरुवात केली.

"गप! कोपंल ती!"

आणि तो गप्प बसला. पुन्हा! तो दिवस तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलाच्या अंगावर बोट ठेवायला जागा उरली नव्हती. फोड तोंडात, घशात उतरले होते. पाण्याचा घोट जाईना. छाती भात्यासारखी हलत होती. तिनं नवऱ्याचा हात धरला.

"मला न्ह्या," ती म्हणाली. "मला जगायचं हाय. तुमी बोलत का न्हाई?"

परशुराम उठला आणि धावतच सुटला. आरोग्य केंद्रातल्या नर्स शांतीबाईंना तो जवळजवळ ओढतच घेऊन आला. शांतीबाई कारवारकडच्या, पण इथं इतकी वर्षं काढलेल्या, की गावातली अर्धी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्यांनी फुलाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आत्ताच्या आत्ता हुबळीला न्यायची," त्या म्हणाल्या.

गिरजाबाई दारात आडवी झाली. "न्हाई! माझा थोरला असाच गेला. अंगावर देवी व्हती, आणि ह्याच्या बापानं डॉक्टर आणून सुई टोचली. सकाळी लेकरू गार! पुन्यांदा ते व्हऊ द्याची न्हाई मी."

शांतीबाई चिडल्या नाहीत. खालीच बसल्या. "गिरजाअक्का, तो देवीचा रोग वेगळा होता. तो आता जगातूनच गेला. आणि तुमचं बाळ सुईनं नाही गेलं, त्या रोगानंच गेलं. मला एक सांगा, यंदा भाताच्या राखणीला शेतातल्या उंच माळ्यावर कोण होतं?"

"मीच की. मी आणि परशू, पाळीपाळीनं."

"सुगीच्या दिवसांत माळा रिकामा ठेवला असता तर?"

"गव्यांनी एक लोंबी ठिवली नसती! डुकरांनी बांध उकरलं असतं."

"मग ऐका. तुळजाच्या अंगात राखण होती. रोग आत शिरला, राखणदारांनी त्याला ओळखलं आणि हाकललं. म्हणून पोर बरी झाली. तुमच्या सुनेला कॅन्सरचं औषध चालू आहे. त्या औषधानं बिघडलेले राखणदार मारले आणि चांगलेही मारले. तिचा माळा रिकामा आहे, अक्का. तुळजाला जे फोड येऊन गेले, तेच हिच्या छातीत उतरलेत. हाकलायला आत कोणी नाही."

गिरजाबाई सुनेकडे बघत राहिली. हळूहळू तिचा चेहरा पालटला.

"म्हंजे..." दारातून ती सुनेजवळ आली. "म्हंजे भरल्या शेतात मीच गव्याला हाताला धरून आणला म्हणा की!"

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं ना," शांतीबाई म्हणाल्या.

"मला सांगितलं व्हतं!" परशुराम मोठ्यानं रडू लागला. "आये, डॉक्टरनी मला सांगितलं व्हतं. गर्दी नगं, कांजिण्यांचं पोर जवळ नगं, ताप आला की त्याच दिशी आणा. सगळं सांगितलं व्हतं. मी बोललो न्हाई."

गिरजाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की थोबाडीत परवडली असती.

"तुझ्या तोंडात जीभ व्हती न्हवं?" ती म्हणाली. आणि मग वळून दाराचा कडुलिंब तिनं स्वतःच्या हातानं ओढून काढला. "न्हे हिला! देवीचं मी बघते. कोपायचं असंल तर माझ्यावर कोपू दे!"

बसनं नेलं असतं तर आता फुलाकडून बसमधल्या लेकराबाळांना कांजिण्या झाल्या असत्या. म्हणून शांतीबाईंनी दांडेलीला निघालेली बांबूची लॉरी रस्त्यात थांबवली. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या आहेत का, हे ड्रायव्हरला विचारूनच त्यांनी फुलाला पुढं बसवलं. दांडेलीहून जीपनं हुबळी गाठली.

दवाखान्यात फुलाला वेगळ्या खोलीत ठेवलं. रोग फुप्फुसात उतरला होता. शिरेतून औषध चालू होतं, नाकाला नळी होती. परशुरामला काचेतून बघावं लागे. एकदा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "काल आणली असती तर एवढं झालं नसतं." तो एक दिवस परशुराम आयुष्यात विसरणार नाही. विसरूही नये!

फुला वाचली. कशीबशी वाचली. पण कॅन्सरच्या औषधाची पुढची खेप लांबली, आणि मानेतली गाठ पुन्हा हाताला लागायला लागली. आता औषध पुन्हा पहिल्या जोरानं लागू पडेल की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. एका मिठीची केवढी ही किंमत!

ती घरी आली त्या दिवशी लोक पुन्हा जमले. पण या खेपेला गिरजाबाई उंबऱ्यातच बसली होती.

"अंगणातनंच बोला," ती म्हणाली. "आत कुणी यायचं न्हाई."

"व्हय गं? आम्ही आता परके झालो?" एकीचं तोंड वाकडं झालं. मागून कोणी पुटपुटलं, "रोग लागतोय म्हणून दार लावलंय."

"तिचा कॅन्सर कुणालाच लागत न्हाई!" गिरजाबाई कडाडली. "तुमचं पडसं मातुर तिला लागतं. तिच्या अंगात राखण न्हाई, ध्यानात येतंय का?"

बायजा पुढं आली. तिचे डोळे सुजले होते. "गिरजे, माझ्या तुळजीनं केलं का गं हे?"

"लेकरानं न्हाई केलं, देवीनं बी न्हाई. म्या केलं. देवीला नावं ठिवू नगा, मला ठिवा."

"आणि मला," परशुराम आईच्या मागून पुढं आला. लोकांसमोर त्याचा आवाज थरथरत होता, पण निघाला. "डॉक्टरनी सांगितलेलं मी लोकलाजंपायी गिळलं. आता गिळणार न्हाई. ज्याला खोकला हाय त्यानं अंगणात बी थांबू नगा. राग आला तर येऊ दे."

दोघे जण खरोखरच मागं फिरले. एवढ्यात आतून फुलाचा बसका आवाज आला, "बाकीच्यांनी जाऊ नगा. तिथंच बसा. बोला कायतरी, मी ऐकते."

मग माणसं अंगणात बसली. कोणाची म्हैस व्याली, कुंपण कोणी मोडलं, असलं बोलणं निघालं. आत फुला खिडकीशी उशी घेऊन ऐकत पडली होती.

वाचकहो, आजाऱ्याला भेटायला जरूर जा. पण उंबऱ्याबाहेर थांबून आधी विचारा, "आत येऊ का?" श्रद्धा ठेवा, पण तिचं ओझं दुबळ्या अंगावर टाकू नका. आणि घरच्यांनो, 'नको' म्हणायची लाज बाळगू नका. पाहुण्यांचा राग चार दिवसांनी उतरतो. परशुरामनं तो एक शब्द गिळला आणि त्याची फुला जाता जाता राहिली. सगळ्यांचीच राहते असं नाही!