मागे कोणी नाही

थोरल्याचा फायदा उघड होता. जंगलातली वाट मोटारसायकलींना खुली राहिली, तर वाटेच्या तोंडाशी असलेलं त्याचं गॅरेज चालणार. बंद झाली, तर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पंक्चरांवर दिवस काढायचे. वनखात्याने एका हंगामाची मुदत दिली होती. तेवढ्या काळात पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडीवर लाकडं वाहणारी मावशी, यांच्यापैकी कोणाचीही तक्रार आली नाही, तर पुढे वाट सगळ्यांची. आणि ती सगळ्यांची करून देणारा थोरला, हे गावाला जन्मभर त्याच्याच तोंडून ऐकावं लागणार होतं. हा दुसरा फायदा तो बोलून दाखवत नसे, पण गोडी त्याचीच जास्त होती.

म्हणून त्याने नियम केले. पत्र्याच्या पाट्या कापून, रंगवून, खांबाखांबावर लावल्या. जनावर दिसलं की इंजिन बंद करा. हेल्मेट काढा आणि जनावराशी बोला, म्हणजे हे माणूसच आहे हे त्याला कळेल. वाट देताना उताराच्या बाजूला उभे राहा, कारण बुजलेलं जनावर वर डोंगराकडे उसळतं. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबा. समोर कोणी भेटलं की आपल्या मागे किती जण आहेत ते बोटांनी दाखवा; शेवटच्याने मूठ दाखवायची, म्हणजे मागे कोणी नाही.

गावाने त्याचं नाव 'पाटी' ठेवलं. "शिंक आली तर पाटीला विचारून शिंका रे बाबांनो," असं चालायचं. थोरला हसण्यावारी न्यायचा. लोक ज्याला नावं ठेवतात, त्याचंच शेवटी ऐकतात, एवढं त्याला कळत होतं.

पण हे नियम मनापासून पाळायचा तो धाकटा. गॅरेजात भावाच्या हाताखाली काम करायचा, आणि गाडी इतकी सावकाश चालवायचा की थोरल्याने त्याला 'गोगलगाय' करून टाकलं होतं. वाटेत एखाद्या म्हातारबुवांसाठी थांबला, तर त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची कहाणी ऐकूनच निघायचा. मावशीच्या घोडीला तो आजीबाई म्हणायचा. हेल्मेट काढून, "आजीबाई, मीच आहे हो," म्हटल्याशिवाय पुढे सरकायचा नाही.

"ती काय उलट विचारणार आहे का, जेवलास का म्हणून?" थोरला म्हणायचा.

"विचारते की. तुला ऐकू येत नाही, तुझं इंजिन चालू असतं."

घरातही बोटांचीच भाषा शिरली होती. संध्याकाळी थोरला आधी पोचायचा. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या हाताकडे बघायची. एक बोट वर दिसलं की धाकटा मागून येतोय. मग ती दोघांचा चहा टाकायची.

मुदतीच्या शेवटच्या रविवारी वनखात्याच्या साहेबांनी दोघा भावांना वरच्या शेडपाशी बोलावलं. शेडच्या अलीकडे कड्याची वाट होती. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला उतार, आणि मध्ये अशी चिंचोळी पट्टी की दोन्ही बाजूंना लाकडं लादलेली घोडी तिथे शिरली की शेजारून मांजरही जाऊ नये. म्हणून मावशी वर शेडपाशी थांबायची. खालून येणारे सगळे वर आले, शेवटच्याची मूठ दिसली, की मग घोडी घेऊन खाली उतरायची.

ओढ्याजवळच्या फाट्यावर थोरला थांबला. धाकट्याचा पत्ता नव्हता. मागे एका सायकलवाल्याची चेन पडली होती, आणि चेन पडलेली पाहून पुढे जाणं गोगलगायीच्या रक्तात नव्हतं. थोरल्याने घड्याळ पाहिलं. वर साहेब ताटकळले असतील. सकाळी निघताना धाकटा म्हणाला होता, "उशीर झाला तर मी मागे फिरेन, तू तुझं आटप." तेव्हा थोरल्याने ते कानाआड केलं होतं. आता ते वाक्य त्याला फार कामाचं वाटलं. फिरला असेल मागे, असं ठरवून त्याने गाडीला गिअर टाकला.

वर आला तेव्हा साहेब बाकावर नकाशा पसरून, त्याच्याकडे पाठ करून, थर्मासमधून चहा ओतत होते. पलीकडे मावशी लादलेल्या घोडीचा दोर धरून उभी होती. इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू येण्यासारखं नव्हतं. तिने नुसत्या भुवया उंचावल्या. मागे किती?

एक बोट वर करायचं, एवढंच काम होतं. पण ते बोट महाग होतं. बोट दिसलं असतं तर मावशी थांबली असती. का थांबली, हे साहेबांनी विचारलं असतं. मग फाट्यावर थांबा असं लिहिणारा स्वतःच फाट्यावर थांबला नाही, हे नेमकं आज बाहेर आलं असतं. आणि धाकटा तर मागे फिरलाच असेल की.

थोरल्याने मूठ दाखवली. मावशीने मान हलवली आणि घोडीला घेऊन कड्याच्या वाटेला लागली.

साहेब खुशीत होते. चहाचा कप पुढे करत म्हणाले, "तुमच्या पाट्या इतर ठिकाणीही लावाव्यात म्हणतो मी." याच वाक्यासाठी थोरला हंगामभर राबला होता. ते कानावर पडत असतानाच खालून एक इंजिन ऐकू आलं. त्या गाडीचा सायलेन्सर त्याने स्वतः बसवला होता. ओळखायला क्षणही लागला नाही. धावत जाऊन ओरडता आलं असतं. पण साहेबांचं वाक्य संपायचं होतं.

इंजिन बंद झालं.

थोरल्याला हायसं वाटलं. घोडी दिसली धाकट्याला. आता हेल्मेट काढेल. आता आजीबाईंशी बोलेल. आता गाडी उताराच्या बाजूला घेऊन उभा राहील. पाठांतर म्हणून दाखवावं तसा तो मनातल्या मनात एकेक नियम म्हणत गेला, आणि उताराच्या बाजूच्या नियमापाशी पोचला तेव्हा खाली काहीतरी घरंगळत गेलं. बराच वेळ घरंगळत राहिलं. मग मावशीचा आवाज आला. ती हाका मारत नव्हती. घोडीला थोपटत, शांत हो, शांत हो, म्हणत होती.

वाटेची कड आतून पोकळ झाली होती. गाडी आणि माणूस यांचं वजन तिने पेललं नाही. थोरला पोचला तेव्हा धाकट्याचं हेल्मेट कातळाच्या बाजूला एका सपाट दगडावर ठेवलेलं होतं, कोणाच्या पायात येऊ नये असं. आत हातमोजे.

आठवड्याने वनखात्याच्या खोलीत चौकशी झाली. पंखा, टेबल, टेबलावर काच, काचेखाली गेल्या वर्षीचं कॅलेंडर. साहेबांनी मावशीला विचारलं, "मागे एक जण येतोय, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

मावशीने थोरल्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "एक बोट होतं. मलाच मूठ वाटली. नजर मंदावली साहेब माझी."

साहेबांनी लिहून घेतलं. थोरला कॅलेंडरातल्या सरून गेलेल्या सुट्ट्या वाचत राहिला.

बाहेर जिन्यावर त्याने तिला गाठलं. "मावशी, तू कशाला..."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. डावी मूठ होती तुझी. अंगठा आत होता." ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. "तुझ्या आईला दोन होते. गेला तो गेला. उरलेल्याला तिच्यासमोर उभं राहता आलं पाहिजे. तुझ्यासाठी केलं, असं मात्र समजू नकोस."

"मी सांगतो साहेबांना. आत्ता जाऊन सांगतो."

"सांग," मावशी म्हणाली, आणि थांबली. थोरलाही थांबला. वर दार उघडंच होतं. थोड्या वेळाने मावशी पुढे उतरू लागली, आणि तो तिच्या मागून उतरला.

निकाल महिनाभरात आला. मोटारसायकलवाल्यांविरुद्ध तक्रार नाही, मयताने सर्व नियम पाळलेले होते, वाट खुली. कड्याला कठडा बांधायचा. लादलेल्या जनावरांना मात्र त्या वाटेवर बंदी, कारण हाकणाऱ्या बाईची दृष्टी अधू. घोडीला बसवून खाऊ घालण्याची मावशीची ऐपत नव्हती. घोडी विकली गेली. नेणाऱ्याने गाडीत चढवताना ती अडली, तेव्हा मावशीने तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं, आणि ती चढली.

आता मावशी डोक्यावर मोळी घेऊन उतरते. मोटारसायकलवाले तिला पाहून इंजिन बंद करतात, हेल्मेट काढतात, शिस्तीत बोटं दाखवतात. मूठ दिसली तरी ती लगेच निघत नाही. बाकावर मोळी टेकवून कान देत बसून राहते.

गॅरेज जोरात आहे. पाट्या आणखी दोन जंगलांत लागल्या. हिशेबच करायचा तर थोरल्याला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि पदरचं काही द्यावं लागलं नाही. धाकट्याने जीव दिला. मावशीने घोडी दिली, वर आपली धडधाकट नजर कागदावर अधू करून दिली. राहिली आई. संध्याकाळी ती अजून खिडकीतून थोरल्याच्या हाताकडे बघते. तो दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवून येतो. मूठ दाखवायची त्याची छाती होत नाही. मग ती दोघांचाच चहा टाकते, आणि रोज एक कप मोरीत ओतते.