पायाखालची पेटी

मी एक पेटी. माझ्या आत काही नाही, कधी नव्हतंच. वस्तू ठेवून घेणं हे माझं काम नव्हे, माणसाला वर उचलून धरणं हे माझं काम. माझ्या पाठीवर उभं राहून डॉक्टर व्हर्नाबाईंनी बारा वर्षं घोड्यांच्या पाठी बसवल्या. माझ्या पाठीची विचारपूस मात्र कोणी केली नाही. तक्रार नाही हो, ओघात आलं म्हणून सांगितलं.

व्हर्नाबाई घोड्यांच्या हाडवैद्य. कण्यावरून हात फिरवायचा, कुठला सांधा अडलाय ते बोटांनी शोधायचं आणि तिथे नेमका एक झटका द्यायचा. विद्या मोठी, पण बाईंची उंची बेताची. आणि झटका तर वरून द्यावा लागतो. सुरुवातीला त्या गवताच्या गठ्ठ्यावर उभ्या राहत. एकदा घोड्याने मान वळवून तो गठ्ठाच खायला घेतला आणि बाई धपकन खाली आल्या. तेव्हा त्यांच्या वडिलांनी, हायरमनी, पाडलेल्या तबेल्याच्या फळ्या आणून मला ठोकलं. माझी एक कड कुठल्याशा कंटाळलेल्या घोड्याने कुरतडलेली होती. हायरमनी तिच्यावर रंधा मारला नाही. "असू दे," म्हणाले, "घोड्यांना ओळखीचं वाटेल." त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, नाहीतर मी शेकोटीत गेले असते.

अल्बर्टा प्रांतात, डोंगरपायथ्याशी आम्ही दोघी गुरांच्या एका कुरणावरून दुसऱ्या कुरणावर हिंडायचो, बाई गाडीत पुढे, मी मागच्या हौद्यात. झटका बसला की घोडा क्षणभर विचारात पडतो. मग ओठ चाटतो, मान खाली सोडतो आणि दाढा दिसतील एवढी मोठी जांभई देतो. ती जांभई दिसली की बाई माझ्यावरून खाली उतरायच्या आणि मीही मनातल्या मनात हुश्श करायचे.

अशाच एका वसंतात आम्ही ऑर्विल टँगेन यांच्याकडे गेलो. म्हाताऱ्याचं वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या पायाचा खुबा आखडलेला, जीभ मात्र अजून तरणी. त्यांची घोडी टॅन्सी, तांबूस रंगाची. आई मेलेल्या या शिंगराला ऑर्विलच्या बायकोने, गुड्रुनने, बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं आणि पुढे तीच टॅन्सीवर बसायची. तीन वर्षांपूर्वी गुड्रुन गेली. तेव्हापासून ऑर्विल दुसऱ्या घोड्याकडे बघेनात.

पण टॅन्सी बिघडली होती. खोगीर दिसलं की कान मागे पाडायची. म्हाताऱ्याच्या मुलीला, रोंडाला, ती चावली होती आणि ऑर्विलना तिने चिखलात पाडलं होतं. रोंडाने सांगून टाकलं होतं, शरद ऋतूत डोंगरावरची गुरं खाली आणायच्या आत घोडी सुधारली नाही, तर लिलावात पाठवायची. पाठ दुखणारी, चावरी घोडी लिलावातून पुढे कुठल्या कत्तलखान्यात जाते, हे तिथे कोणी तोंडाने बोलत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय आणि दात तपासून झाले होते, खोगीरही बदललं होतं. बाई माझ्यावर चढल्या. खोगिराचं पुढचं टोक जिथे येतं तिथे, डाव्या बाजूला त्यांचा हात थांबला. एक झटका, आणि टॅन्सीने जांभई दिली.

"एवढंच?" ऑर्विल म्हणाले. "मला वाटलं हातोडा काढशील."

"हातोडा तुमच्यासाठी ठेवलाय, काका."

तीन आठवड्यांनी पाहिलं तर तीच जागा पुन्हा अडलेली. बाईंनी पुन्हा बसवली. तिसऱ्या खेपेलाही तेच. बाईंचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकतंय," असं त्या हात धुताना पुटपुटल्या आणि गाडीकडे गेल्या. मी कुंपणापाशीच राहिले होते. मला कारण कळलं होतं, पण लाकडाचं कोण ऐकतं?

बाई वळल्या की म्हातारा लगेच घोडी आजमावायला चढायचा. एका मुठीत आयाळ, दुसऱ्या मुठीत खोगिराच्या पुढचा खुंट, डावा पाय रिकिबीत, आणि मग "हं... हं..." करत अख्खा देह हातांनी ओढायचा. खोगीर डावीकडे कलायचं, टॅन्सी पाय फाकवून कशीबशी उभी राहायची. त्यांच्या कुरणाला सात फाटकं. प्रत्येक फाटकाला उतरायचं, उघडायचं, लावायचं आणि पुन्हा लोंबकळायचं.

त्या दिवशी घोडी रोंडाने धरली होती. बाई मला न्यायला परत आल्या आणि त्यांनी ते पाहिलं.

"काका, उतरा."

"अगं, आत्ताच तर चढलो!"

"तेच पाहिलं. मी तीन आठवड्यांनी एकदा सरळ करते, तुम्ही रोज सात वेळा वाकडं करता."

"साठ वर्षं असाच चढतोय मी."

"तेव्हा उडी मारून चढायचात. आता लटकता." म्हातारा कुरकुरत उतरला, तशी बाईंनी मला उचलून टॅन्सीच्या डाव्या अंगाला ठेवलं. "यावर उभं राहून चढायचं."

ऑर्विलनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच त्यांना शिवी दिली होती. त्या मुलखात पेटीवरून चढतात ते सुट्टीला आलेले शहरी पाहुणे. गुरं राखणाऱ्याने जमिनीवरूनच चढायचं.

"पेटीवरून? शेजारचा डार्विन बघेल आणि गावभर सांगेल. त्यापेक्षा मलाच लिलावात पाठव, रोंडा."

"तुम्हाला कोण घेणार?" बाईच म्हणाल्या. "चावता तुम्हीच जास्त."

बाई हसल्या, रोंडा मात्र हसली नाही. ती टॅन्सीच्या मानेवर हात ठेवून उभी होती. हळूच म्हणाली, "बाबा, आई कशी चढायची?"

म्हातारा खोगिराचा पट्टा चाचपू लागला.

"कुंपणाच्या फळीवर उभी राहून चढायची. शेवटपर्यंत. तुम्ही हसायचात तिला. आईच्या वेळी टॅन्सीची पाठ एकदा तरी दुखली होती का?"

ऑर्विलनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. त्यांचे डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "रस्त्यावर कोणी आहे का बघ."

"कोणी नाही, बाबा. आणि फाटकं मी उघडीन."

त्यांचे बूट माझ्यावर आले. मला भीती वाटत होती की मी करकरले तर म्हातारा लाजून परत उतरेल. मी अंग आवरून धरलं. त्यांनी पाय पलीकडे टाकला आणि ते अलगद बसले. टॅन्सी कान पाडून तो नेहमीचा हिसका यायची वाट बघत होती. हिसका आला नाही. तिचा एक कान पुढे आला, मग दुसरा. आणि म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन, भर अंगणात, तिने जांभई दिली.

"पेटी इथेच राहू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यावर एकदा थाप मारली. बारा वर्षांच्या सोबतीनंतर मी तिथे राहिले. वाईट वाटलं, पण बाई जाताना शीळ घालत होत्या.

त्या शरदात ऑर्विल टॅन्सीवर बसून डोंगरावरची गुरं खाली घेऊन आले. डार्विनने जे करायचं तेच केलं, हसला. ऑर्विल म्हणाले, "पेटी माझ्यासाठी नाही, घोडीसाठी आहे." पुढच्या महिन्यात तोच डार्विन टेप घेऊन माझी मापं घ्यायला आला.

आता माझा रंग उडालाय, एक खिळा सैल झालाय. कधी इकडे आलात तर माझ्यावरून चढा, लाजू नका. हायरमची, बाईंची, या हट्टी म्हाताऱ्याची, सगळ्यांची मी ऋणी आहे. रोज सकाळी टॅन्सी कोणी न ओढता स्वतःहून येते, डावं अंग माझ्याकडे करून उभी राहते आणि म्हातारा येईपर्यंत नाक खाली करून माझी पाठ हुंगते. तिच्या श्वासाने फळ्या उबदार होतात. माझ्या पाठीची विचारपूस कोणी केली नाही, असं मी सुरुवातीला म्हणाले ना? ते खोडून टाका.