लाल चौकट

"जे आलं तेच उतरवायचं, मंजुषा. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही."

चंपतराव सर निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या कार्यालयाची किल्ली माझ्या हातावर ठेवत असं म्हणाले होते. मी हो म्हटलं, आणि देवापुढे म्हटलेल्या होसारखंच ते पाळत आले. तेव्हा हाताने भरलेले अर्ज यायचे. आता नेरडीगोंड्याच्या आमच्या शाळेतून पालकांच्या मोबाइलवर फॉर्म जातो. ते चौकटी भरतात, खालचं बटण दाबतात, आणि उत्तर ई-मेलने माझ्यापुढे येतं. एखादी चौकट रिकामी राहिली की ती लाल होते आणि फॉर्म जागचा हलत नाही.

या वेळचा फॉर्म सहावीच्या मराठी वर्गासाठी होता. दहा मुलं भरली नाहीत तर वर्ग बंद, मुलं तेलुगू माध्यमात जाणार. मुदत आज रात्रीपर्यंतची.

पोथी आणि तुळशीचं पाणी होईपर्यंत मी बोलत नाही. पालकांना ते ठाऊक आहे, म्हणून सकाळी फोन न करता ते मेलच करतात. मौन सुटायच्या आतच दहावं उत्तर येऊन पडलं होतं. कार्यालयात जाऊन उघडलं. पालक देवकाबाई, नात प्रणिता. पालकाच्या पतीचे नाव: 'येणार आहेत'.

पुन्हा वाचलं. त्या चौकटीत नुसतं टिंब दिलेलं मी पाहिलं होतं, 'माहीत नाही' पाहिलं होतं. हे नवीनच होतं.

शेजारच्या टेबलावर माझ्यासोबत काम करणारी पूनम हजेरी चढवत होती. ती वाकून वाचून हसली. "बुढी लय पोचलेली हाय. तू टाक ना अमृतराव. साऱ्या गावाले माहीत हाय."

माहीत मलाही होतं. देवकाबाईंचे यजमान अमृतराव कित्येक वर्षांपूर्वी मंचेरियलला खाणीत काम बघायला म्हणून गेले, ते परतलेच नाहीत. प्रणिताचे आईबाप हैदराबादला बांधकामावर, घरी आजी आणि नात. बोटं कीबोर्डवर गेली, सरांचा आवाज आठवला आणि मी हात मांडीवर घेतले. पण जसंच्या तसं पुढे धाडलं असतं तर वरच्या मंडल कार्यालयाने तो अर्ज बाद केला असता. त्याच्यासोबत वर्गही गेला असता.

दुपारी फोन लावला. प्रणिताने उचलला. ती आजोबांचं नाव टाकत होती, पण आजीने हात धरला, म्हणाली. मग देवकाबाई फोनवर आल्या.

"मावशी, नावाच्या जागी असं काऊन लिहिलं?"

"मंग काय लिवू? नवऱ्याचं नाव अशी उगी घेते का बाई? आन् चौकट खाली ठेवली त ते लाल होते."

"पण येणार आहेत म्हणून?"

"येनार हायेत म्हून लिवलं. खोटं हाय का?"

त्यांच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू डोळ्यांपुढे आलं. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "उखान्यात घेता येते नाव. पन हळदीकुंकवाले साऱ्याजनीले आग्रह करतात, मले कोनी म्हनत नाही. वाईट वाटीन म्हून पुढं सरकतात."

"मी म्हटलं तर?"

"फोनवर नाही. घरी ये. हळदकुंकू लाव, मंग म्हन, देवकाबाई, नाव घ्या. मी घेईन. तू लिव."

"दिवस मावळायच्या आत येते."

फोन ठेवला तेव्हा पूनम हसत नव्हती. एवढ्या एका नावासाठी भर उन्हात पायी जायचं काय, असं काहीतरी पुटपुटली, पण माझ्या पिशवीत पाण्याची बाटली तिनेच घातली.

सांजेला मारुतीपुढे दिवा लावायचा माझा नेम आहे. तो आज देवकाबाईंच्या देव्हाऱ्यात होईल. घरी जाऊन वात आणि तेलाची कुपी घेतली, कुंकवाची कोयरी पदराने पुसली. मोबाइलवर त्यांच्यासाठी नवा, कोरा फॉर्म उघडून ठेवला.

कापसाच्या शेतांमधली पायवाट लागली तेव्हा कुणी ऐकत नाही असं पाहून मी हळूच म्हणून बघितलं, "देवकाबाई, नाव घ्या."

नंतर कोयरीचं झाकण दाबून बसवलं आणि चालू लागले.