सतरा माणसं कमी

भोपाळपासून वेगळं होऊन नवं राज्य झालं त्याला तीन वर्षं झाली होती, तरी तिथून येणाऱ्या फायली काही संपत नव्हत्या. पंडरीच्या बाजारात कापडाच्या एका ठोक दुकानाच्या वर यशवंतरावांचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस होतं. तिथे एका सरकारी खात्यासाठी क्वार्टर-वाटपाची यादी तयार होत होती. नोकरी किती वर्षांची, घरी माणसं किती, त्यावरून गुण आणि गुणांवरून नंबर. काम पुरं झालं की यशवंतराव एकाला त्या खात्याच्या मुख्यालयात कायमचं बसवणार होते. तो एक म्हणजे आपणच, असं अनुश्री दोन वर्षं धरून चालली होती.

मग पियुष आला.

अनुश्रीचा प्रोग्राम एकेका कर्मचाऱ्याला घेऊन तीन टेबलांत, म्हणजे माहितीच्या तीन तक्त्यांत, शोधत फिरायचा. यादीला अकरा मिनिटं लागायची. पियुषने डेटाबेसच्या आतच स्टोअर्ड प्रोसीजर, म्हणजे साठवलेली आज्ञावली, लिहून ठेवली. तिला नुसती हाक मारायची. ती तिन्ही टेबलं आतल्या आत जोडून, गुण काढून, कुठल्याच एका टेबलात नसलेली तयार यादी हातात ठेवायची. नऊ सेकंदांत.

"पोट्टं लय हुशार निघालं बाप्पा!" यशवंतराव म्हणाले. "पाह्यलं का अनुश्री? चहा सांगाले बी वेळ भेटत नाही."

"हव सर," म्हणत अनुश्री हसली. हसताना गाल दुखले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा न उघडता पियुषची प्रोसीजर उघडली. ओळ न् ओळ वाचली. इतकं नेटकं लिहिलेलं होतं की तिला जास्तच राग आला. पण ती भौतिकशास्त्राची एम.एस्सी. होती, मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवय नव्हती. तिने ओळी मोजल्या. खात्यात कर्मचारी दोन हजार तीनशे अठरा. पियुषच्या यादीत दोन हजार तीनशे एक.

सतरा माणसं गायब होती. ज्यांचं जुनं सेवा-पुस्तक भोपाळहून अजून आलंच नव्हतं, नेमकी तीच. जोडीची नोंद सापडली नाही की प्रोसीजर त्या माणसाला यादीतूनच गाळत होती. अनुश्रीच्या प्रोग्राममध्ये ती माणसं रिकाम्या रकान्यासकट दिसायची.

आनंदाने तिच्या कानशिलांत ठोके पडू लागले.

"दीदी, मेरा वाला देख रहे हो?" पियुष समोशाचा कागद चुरगाळत आला. "कुछ गड़बड़ तो नहीं ना? कल साहब लोगों को दिखाना है."

"नाही रे. मस्त आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खात्याचे साहेब आले. नऊ सेकंदांत यादी पडद्यावर आली. साहेबांनी मान डोलावली. यशवंतरावांची छाती फुगली. अनुश्री उठून उभी राहिली.

"साहेब, यात सतरा माणसं नाहीत. गोदावरी मेश्राम, आया, एकवीस वर्षं नोकरी. नाव शोधून पाहा."

पियुषने शोधलं. नाव नव्हतं. पियुषचा चेहरा उतरला, आणि तो क्षण अनुश्रीने पोटभर पाहिला.

क्षणच. पियुष खुर्चीत पुढे झुकला, टेबलं जोडणाऱ्या ओळीत एक शब्द बदलला, प्रोसीजर पुन्हा चालवली. दोन हजार तीनशे अठरा. गोदावरीबाई हजर.

"बच गए दीदी," त्याने कपाळ पुसलं. "कब पकड़ा आपने?"

"काल. सुट्टीत," तिच्या तोंडून निघून गेलं. खोटं सुचलंच नाही.

यशवंतरावांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"काल सापडलं होतं? मग कालच काहून नाही सांगितलं?"

अनुश्रीजवळ उत्तर होतं, पण ते साहेबांसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

साहेब गेल्यावर यशवंतरावांनी तिला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मुख्यालयात पियुष बसंल. डोकं तुझं तेज आहे पोरी, त्याच्याहून बी. पण तिथं दिसलेली चूक त्याच घडीला सांगणारा माणूस लागते मले."

मागून पियुष यादीची छापील प्रत तिच्यासाठी घेऊन येत होता.

"दीदी, एक बार आप गिन लो ना. आपका गिनना पक्का रहता है."

तिने कागद घेतले. ती पहिल्या पानापासून मोजू लागली, आणि चूक निघावी असं अजूनही तिला वाटत होतं.