डावं-उजवं चुकलेलं कार्ड

मी वाढदिवसाचं कार्ड बोलतोय. दुकानातलं गुळगुळीत कार्ड नव्हे हं, हातानं केलेलं! दिसायला जरा वाकडा आहे, पण एकदा मनावर घेतलं की मागे हटत नाही.

माझा जन्म घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर झाला. त्याआधी मी नुसता जाड तपकिरी कागद होतो, एका रिकाम्या खोक्याच्या तळाशी पडलेला. घड्याळवाल्या काकांनी मला झटकलं, मधोमध दुमडलं आणि म्हणाले, "आता तूच काय ते कर बाबा."

दुकानामागच्या खोलीत काकू खुर्चीत बसून असायच्या. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. पण काकू घराबाहेर पाऊल टाकेनात. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आता चालल्या नाहीत तर पाय कायमचा आखडेल." आणि काकू कोण? जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या, सुट्टी लागली की बॅग भरणाऱ्या! त्याच आता म्हणायच्या, "फिरून झालं माझं. पुरे." हे ऐकलं की काकांच्या घशाखाली घास उतरत नसे.

काकूंच्या जुन्या विद्यार्थ्यांची देशोदेशींहून पत्रं यायची. काकांनी त्या पाकिटांवरची टपाल तिकिटं कापली, वाटीत कोमट पाण्यात भिजत घातली आणि सुटल्यावर चिमट्यानं अलगद उचलून वाळवली. मग माझ्या पोटात आपल्याच गल्लीचा नकाशा काढला. दाराच्या पायऱ्यांवर बर्फाच्या डोंगराचं तिकीट, पाण्याच्या टाकीपाशी निळं सरोवर, बेकरीपाशी पवनचक्की. वर लिहिलं, "चल, प्रवासाला."

काढताना काका सारखे समोरच्या आरशात बघत होते. ते रस्त्याकडे पाठ करून काम करतात, म्हणून गिऱ्हाईक दिसावं यासाठी तो आरसा टांगलेला. इतकी वर्षं त्यांनी गल्ली पाहिली ती त्यातच. मला बापड्याला काय कळणार? मी आपला खूश!

वाढदिवसाच्या सकाळी काकूंनी मला उघडलं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी मला मिटून टेबलावर ठेवलं.

"छान केलंय हो. पण नको."

काका दुकानात गेले. मला असा संताप आला म्हणून सांगू! धूळ खायला जन्मलो काय मी? जाड कागद आहे मी, मिटून राहतोय होय! हळूहळू घडी सोडली आणि त्यांच्या नाकासमोर सताड उघडलो. काकूंनी पुन्हा पाहिलं. चष्मा लावला.

"अहो, इकडे या! बेकरी डावीकडे काढलीत?"

"डावीकडेच आहे."

"उजवीकडे आहे!"

"अगं, मी रोज आरशात बघतो ना!"

काकूंनी कपाळावर हात मारला. मग खो-खो हसत सुटल्या. "आरशात! अहो, अख्खी गल्ली उलटी केलीत! भूगोलाच्या बाईच्या घरात असला नकाशा?"

"काही उलटी नाही. मला माझी गल्ली कळत नाही काय?" काकाही पेटले. नाटक नव्हतं ते, खरंच पेटले.

"चला, दाखवतेच तुम्हाला. काठी द्या."

पायऱ्यांशी काकूंचा चेहरा उतरला, त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. काका घाबरले. "राहू दे गं. हरलो मी."

"गप्प बसा. धरा मला."

दातओठ खाऊन त्या उतरल्या. त्यांच्या मुठीत माझा पार चोळामोळा झाला, डोंगराचा कोपरा उचकटला, पण मी हूं की चूं केलं नाही. टाकी गेली. बेकरी आली. काकू घामाघूम.

"कुठल्या हाताला आहे?"

"उजव्या," काका पुटपुटले. ते रडत होते की हसत होते, मला कळलं नाही.

काकूंनी बेकरीवाल्याकडून लाल पेन्सिल मागून घेतली आणि माझ्या छातीवर शेरा मारला: "चूक. पुन्हा काढा. पुढच्या चौकापर्यंत."

हल्ली माझा मुक्काम काकूंच्या पिशवीत. अंगभर सुरकुत्या आहेत, लाल रेघा आहेत, रोज एखादी वाढतेच. पाहुणे म्हणतात, किती सुंदर, काचेत बसवा. खबरदार! माझं ऐकाल तर कुठल्याच कार्डाला कपाटात कोंडू नका. आम्हाला मळू द्या.

बरं, गप्पा पुरे. काकू चपला घालतायत, मला निघायला हवं.